पाऊण मिलिलिटर: 168 तासांचा घटनाक्रम

शेवट आधीच सांगितलेला बरा. रविवारी पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी 11 वर्षांची एक मुलगी अतिदक्षता विभागात मरण पावते. मृत्यूच्या कारणापुढे तीन नोंदी आहेत: टाइप 1 मधुमेह, कीटोअ‍ॅसिडोसिस, म्युकरमायकोसिस.

ही मुलगी कुणा एका घरातली नाही. काळ्या बुरशीने गाठलेल्या मधुमेही मुलांच्या वैद्यकीय नोंदींत जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो इथे एका घरात आणि एका आठवड्यात बसवला आहे. गाव मराठवाड्यातलं, महिना एप्रिलचा. मुलीला, गावाला, दवाखान्यांना नाव नाही. आजाराचे टप्पे आणि औषधांची मापं मात्र खरी आहेत. या 168 तासांत थांबायच्या जागा कुठे कुठे होत्या, त्या दिसाव्यात म्हणून हे लिहिलं आहे.

168 तास आधी. रविवार, पहाटे 5:10

मुलगी रात्रीतून चौथ्यांदा उठते. लघवीला जाऊन येते, माठातलं दोन तांबे पाणी पिते आणि परत आडवी होते. "लई उन्हाळा," आई कूस बदलत म्हणते. दिवाळीत मुलीचं वजन 32 किलो होतं, आता 28 आहे. शाळेचा स्कर्ट कमरेत सैल झाला म्हणून आईने पिन लावून दिली आहे.

मधुमेह कळल्याला 3 वर्षं झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं माप असं: मिक्स इन्सुलिन, सकाळी 14 युनिट, संध्याकाळी 8. 10 मिलिलिटरच्या कुपीत 400 युनिट असतात. या मापाने कुपी 18 दिवस जाते. घरात ती 28 दिवस पुरवली जाते, सकाळी 9 आणि संध्याकाळी 5 युनिट देऊन. महिन्याला एकच कुपी आणायची, एवढंच घरात ठरलं होतं. बाकीचा हिशेब आपोआप झाला.

ग्लुकोमीटर फडताळात आहे. पट्ट्या संपून 9 दिवस झाले आहेत.

154 तास आधी. रविवार, संध्याकाळी 7:10

दुपारपासून दोन उलट्या झाल्या आहेत. अंग कोमट लागतं. इंजेक्शनची वेळ झाली म्हणून आई ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यातून कुपी बाहेर काढते. घरात फ्रीज नाही. लाल टोपीची सिरींज हातात घेते.

"पोटात काय बी नाही तिच्या," वडील म्हणतात. "इंजेक्शन दिलं तर साखर खाली जाईल."

ही भीती ऐकीव नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी साखर उतरून मुलगी अंगणात कोसळली होती. तिच्या दातांतून गुळाचं पाणी आत जाईना, ते दोघांनी पाहिलं आहे. कुपी परत मडक्यात जाते.

टाइप 1 मधुमेहात शरीराला स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतं. मूल जेवलं नाही तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं. इन्सुलिन नसल्याने ती पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. आजारपणात इन्सुलिनची गरज बहुतेक वेळा वाढते. म्हणून नियम असा आहे: मूल आजारी असलं, जेवत नसलं, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. दर 2 ते 4 तासांनी साखर बघायची, कीटोन तपासायचे आणि माप किती ठेवायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

हा नियम मुलीच्या डिस्चार्जच्या कागदावर आहे, पाचव्या ओळीत. तो इंग्रजीत आहे.

142 तास आधी. सोमवार, सकाळी 7:10

रात्रभरात आणखी तीन उलट्या. सकाळचं इंजेक्शनही राहतं.

136 तास आधी. सोमवार, दुपारी 1:10

गावातला दवाखाना. बाकावर सात-आठ माणसं आहेत. डॉक्टर पोट दाबून बघतात, उलटीचं इंजेक्शन देतात आणि गोळ्या लिहून देतात. आई सांगते की पोरीला शुगर आहे. इंजेक्शन चालू आहे का, असा प्रश्न येतो. "चालू आहे," आई म्हणते. तीन वर्षांचा विचार केला तर ते खरं आहे, कालपासूनचा केला तर नाही.

टेबलाच्या खणात ग्लुकोमीटर आहे. तपासणीला चार मिनिटं लागली. बोटाला सुई टोचून आकडा यायला आणखी एक मिनिट लागलं असतं.

मुलीच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो आहे. आईला वाटतं, उलट्यांमुळे.

127 तास आधी. सोमवार, रात्री 10:10

तिसरं इंजेक्शन चुकलं आहे. मुलगी उजव्या गालावर तळहात दाबून बसते. "आई, दाढ दुखायली." आई लवंग देते. उजवी नाकपुडीही चोंदली आहे.

म्युकर गटातल्या बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, शेणखतात, सडत्या फळांत, शिळ्या पावावर असतात. ते रोज प्रत्येकाच्या नाकात जातात आणि निरोगी शरीरातल्या पांढऱ्या पेशी ते मारून टाकतात. साखर फार वाढली आणि रक्त आम्ल झालं की या पेशी मंदावतात. त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. रक्तातलं लोह एरवी ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं. आम्लतेत ती पकड सैल होते आणि लोह सुटं पडतं. बुरशीला वाढायला लोहच लागतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी78 नावाचं एक प्रथिन असतं, तेही या अवस्थेत वाढतं. बुरशी नेमकी त्यालाच चिकटून आत शिरते.

उजव्या गालामागच्या पोकळीत हे सुरू झालं आहे. बाहेरून दिसण्यासारखं अजून काही नाही.

119 तास आधी. मंगळवार, सकाळी 6:10

मुलगी खोल आणि भराभर श्वास घेते आहे. छाती भात्यासारखी हलते. अशा श्वासाचं वर्णन जर्मन वैद्य अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी 1874 मध्ये केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. शरीर कर्बवायू बाहेर टाकून रक्तातलं आम्ल कमी करू बघत असतं. घरच्यांना वाटतं, दमा.

116 तास आधी. मंगळवार, सकाळी 9:10

ग्रामीण रुग्णालय. सिस्टर बोटाला सुई टोचतात. ग्लुकोमीटरवर आकडा येत नाही, 'HI' अशी इंग्रजी अक्षरं येतात. साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली, असा त्याचा अर्थ. सलाईन लावलं जातं, 108 ची गाडी बोलावली जाते.

गाडीत चढताना वडील विचारतात, "शुगर वाढली कशी? दोन दिवस पोटात अन्न नाही तिच्या."

113 तास आधी. मंगळवार, दुपारी 12:10

मोठं रुग्णालय. साखर 612. रक्ताचा पीएच 6.98. निरोगी माणसाचा 7.35 ते 7.45 असतो आणि मुलांमध्ये 7.1 च्या खाली गेला की कीटोअ‍ॅसिडोसिस तीव्र समजतात. मुलगी हाक मारली की डोळे उघडते आणि पुन्हा मिटते.

उपचार नियमाप्रमाणे सुरू होतात. पहिल्या अर्ध्या तासात 280 मिलिलिटर सलाईन. तासाभराने इन्सुलिनचा पंप, ताशी 2.8 युनिट. पोटॅशियमवर नजर. मेंदूला सूज येऊ नये म्हणून घाई न करता. दर तासाला साखर.

केसपेपरवर आईने सांगितलेल्या तक्रारी लिहिल्या जातात: उलट्या, धाप, सुस्ती. दाढेचं सांगायचं राहून जातं. कुणी विचारतही नाही.

103 तास आधी. मंगळवार, रात्री 10:10

साखर 268, पीएच 7.18. आकडे योग्य दिशेने चालले आहेत. निवासी डॉक्टर 16 तासांनी पहिल्यांदा जेवायला जातात.

रात्रपाळीच्या सिस्टर नोंद करतात: "उजव्या डोळ्याखाली सूज." मुलगी उजव्या कुशीवर झोपली होती, सलाईनही बरंच गेलं आहे. सकाळी बघू, असं ठरतं.

94 तास आधी. बुधवार, सकाळी 7:10

पीएच 7.34. रक्तातलं आम्ल ओसरलं आहे. मुलगी मात्र जागी होत नाही.

आम्ल उतरलं की मूल शुद्धीवर यायला हवं, बोलायला हवं, पाणी मागायला हवं. आकडे सुधारले आणि मूल सुधारलं नाही, तर आजार दुसरीकडे कुठेतरी आहे. राउंडवर मेंदूच्या सुजेची शंका निघते आणि ती रास्त आहे. डोक्याचा सीटी स्कॅन होतो. मेंदू ठीक दिसतो. स्कॅन कपाळाच्या रेषेवरून वर घेतला आहे. गालामागच्या पोकळ्या त्यात आल्या नाहीत.

नोंद: "थकवा. लक्ष ठेवणे."

86 तास आधी. बुधवार, दुपारी 3:10

मुलगी थोडी हलते. आई गालावरून हात फिरवत विचारते, "दाढ दुखती का गं?" मुलगी पुटपुटते, "नाही दुखत आता." आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगते की पोरीला आराम पडला.

गाल बधिर झाला आहे. ज्या मज्जातंतूतून वेदना मेंदूकडे जाते, तो मरू लागला आहे.

थोड्या वेळाने नाकातून पाणी येतं. आई पदराच्या टोकाने पुसते. पदरावर तपकिरी-काळा डाग पडतो, वाळलेल्या रक्तासारखा. नळावर जाऊन ती पदर धुते.

81 तास आधी. बुधवार, रात्री 8:10

उजवी पापणी उघडत नाही. डोळा किंचित पुढे आला आहे. डोळ्याभोवतीचा जिवाणूंचा संसर्ग धरून प्रतिजैविक सुरू होतं. नेत्रविभागाला चिठ्ठी जाते. चिठ्ठीवर 'तातडीचे' असं लिहिलेलं नाही. उत्तर येतं: सकाळी 10 वाजता.

मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणं, सूज, काळपट नाकपाणी, मिटलेली पापणी. यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी त्याच तासाला नाकात आणि तोंडात बघायचं असतं. टॉर्च वॉर्डात आहे, सिस्टरच्या टेबलावर.

67 तास आधी. गुरुवार, सकाळी 10:10

नेत्रतज्ज्ञ पापणी बोटाने वर करतात. बुबुळ डावीकडे जात नाही, उजवीकडे नाही, वर नाही. उजेड टाकला तरी बाहुली आकसत नाही. ते काही बोलत नाहीत. टॉर्च खाली आणतात आणि मुलीची हनुवटी धरून तोंड उघडायला लावतात.

टाळूवर उजव्या बाजूला एक डाग आहे. रुपयाच्या नाण्याएवढा, कडा स्पष्ट, रंग तव्याच्या बुडासारखा. बघायला दहा सेकंद लागले.

66 तास आधी. गुरुवार, सकाळी 11:10

कान-नाक-घसा विभाग. दुर्बीण नाकात जाते. आतला गुलाबी, ओलसर दिसायला हवा असा भाग काळा आणि कोरडा आहे. चिमट्याने तुकडा घेतात. रक्त येत नाही. मुलगी हातही झटकत नाही.

ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते आणि आत गुठळी करते. रक्त थांबलं की पुढचं मांस मरतं. बुरशीला काळी म्हणतात, पण काळं दिसतं ते मेलेलं मांस.

64 तास आधी. गुरुवार, दुपारी 1:10

काचपट्टीवर तुकडा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर सूक्ष्मदर्शक. रुंद, फितीसारखे धागे, मधे पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या काटकोनात फुटलेल्या. रिपोर्ट फोनवरच सांगितला जातो: म्युकर.

माणसातल्या या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी 1885 मध्ये केलं. पाश्चात्त्य देशांत तो अधिककरून रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत दिसतो. भारतात त्याचं सर्वांत मोठं कारण अनियंत्रित मधुमेह आहे. इथलं त्याचं प्रमाण विकसित देशांच्या सुमारे 80 पट असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. 2021 च्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं आणि जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. सर्वांत जास्त महाराष्ट्रात होते. तेव्हा अनेक वॉर्डांत टॉर्च लावून टाळू बघितला जात होता. त्या साथीत बहुतेक रुग्ण मोठी माणसं होती. टाइप 1 मधुमेहाची दोन लाखांहून अधिक मुलं भारतात त्याआधीही होती आणि आताही आहेत.

56 तास आधी. गुरुवार, रात्री 9:10

औषधाचं नाव लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी. माप किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 28 किलोला रोज 140. एका कुपीत 50 मिलिग्रॅम असतात, म्हणजे रोज तीन कुप्या. रुग्णालयाच्या भांडारात दोनच आहेत. तिसरी आणायला मामा मोटारसायकलवर शहरभर फिरतो. पाचव्या मेडिकलमध्ये ती मिळते.

डॉक्टर तिसरीची वाट बघत बसत नाहीत, पण भांडाराची सही, किमतीची मंजुरी आणि चाचणी डोस यांत संध्याकाळ जाते. रिपोर्ट आल्यापासून आठ तासांनी पहिला थेंब नसेत उतरतो. कर्करोगाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर हे औषध सुरू करायला 6 दिवस किंवा जास्त उशीर झाला, त्या गटात 12 आठवड्यांतले मृत्यू 83 टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांना लवकर मिळालं त्यांच्यात 49 टक्क्यांच्या आसपास.

इथे निदानानंतर आठ तास गेले. दाढ दुखायला लागून 71 तास.

45 तास आधी. शुक्रवार, सकाळी 8:10

औषध रक्तातून जातं आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे तेही पोचत नाही. म्हणून मेलेला भाग कापून काढावा लागतो. डॉक्टर वडिलांना समोर बसवून सांगतात: नाकाच्या पोकळ्या, टाळूचा उजवा भाग आणि उजवा डोळा.

"डोळा ठेवता येणार नाही का, साहेब?"

"त्या डोळ्याने तिला आता दिसत नाही. तो ठेवला तर मेंदूपर्यंत जाईल."

वडील फोन घेऊन व्हरांड्यात जातात. थोरल्या भावाला विचारतात, सासऱ्यांना विचारतात. मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं काय, असं कुणीतरी म्हणतं. सही व्हायला साडेतीन तास लागतात.

39 तास आधी. शुक्रवार, दुपारी 2:10

शस्त्रक्रिया सुरू होते. निरोगी मांसाची खूण म्हणजे कापल्यावर येणारं ताजं रक्त. रक्त दिसेपर्यंत सर्जन कापत जातात. गालामागे दिसतं. टाळूला दिसतं. डोळ्याच्या खोबणीच्या टोकाला, जिथून नस मेंदूकडे जाते, तिथे दिसत नाही. त्यापुढे सुरी नेता येत नाही.

23 तास आधी. शनिवार, सकाळी 6:10

सिस्टर मुलीचा डावा हात उचलून सोडतात. तो गादीवर पडतो. उजवा हात सोडला तर हळू खाली येतो.

एमआरआय. उजव्या बाजूची मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी गुठळीने बंद आहे. मेंदूच्या उजव्या अर्ध्याचा मोठा भाग पांढरा दिसतो. त्यानेच डावा हात हलत होता.

साखर 164. पीएच 7.39. सोडियम, पोटॅशियम ठीक. मधुमेहाचा तक्ता महिनोन् महिने इतका चांगला नव्हता.

11 तास आधी. शनिवार, संध्याकाळी 6:10

मेंदूची सूज वाढते. श्वासाची नळी घातली जाते. उरलेला डावा डोळा उघडून उजेड टाकतात. बाहुली आकसत नाही.

आईला आत सोडतात. ती मुलीच्या पायाचे तळवे हातात धरून बसते. चेहऱ्यावर पट्टी आहे.

0. रविवार, पहाटे 5:10

नोंदवहीत वेळ लिहिली जाते.

रविवार, संध्याकाळी 7:10

घरी शेजारणी स्वयंपाकघर आवरत आहेत. एकीला ओल्या फडक्यातलं मडकं सापडतं. फडकं वाळून कडक झालं आहे. आत कुपी आहे, निम्म्याहून जास्त भरलेली. शेजारी एक लाल टोपीची सिरींज, न वापरलेली.

चुकलेली इंजेक्शनं तीन: रविवार संध्याकाळ 8, सोमवार सकाळ 14, सोमवार संध्याकाळ 8. कागदावरच्या मापाने बेरीज 30 युनिट. त्या सिरींजवर 40 युनिटच्या खुणा असतात आणि चाळिसाव्या खुणेला एक मिलिलिटर भरतं. तिसाव्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर ते पाऊण मिलिलिटर होतं.